विश्लेषण : वसतिगृहाच्या ताटात नागली का नाही? शाश्वत अन्नासाठी विद्यार्थी काय करू शकतात?

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारांवर नागली आणि वरई पिकते. तिथली मुले शिकायला नाशिकला येतात आणि मेसमध्ये गव्हाची पोळी आणि पांढरा भात खातात. कांद्याची देशातील सर्वांत मोठी बाजारपेठ लासलगाव याच जिल्ह्यात आहे, तरी कांदा महागला की सर्वांत आधी मेसच्या ताटातली कांद्याची फोड गायब होते. दुसरीकडे रोज रात्री पातेल्यात उरलेला भात कचऱ्याच्या डब्यात जातो. जगभरातील विद्यापीठांत विद्यार्थी ‘शाश्वत अन्नव्यवस्था’ या विषयावर काम करत आहेत. नाशिकमध्ये हा विषय नेमका कुठे येऊन अडतो, आणि विद्यार्थ्यांच्या हातात काय आहे?

शाश्वत अन्नव्यवस्था म्हणजे काय?

शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. ताटात आलेले अन्न कुठून आले, ते पिकवायला किती पाणी, खत आणि डिझेल लागले, पिकवणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले का, जेवणाऱ्याचे पोट भरले का आणि उरलेले कुठे गेले, या पाच प्रश्नांची उत्तरे बरी असतील तर ती व्यवस्था पुढच्या पिढीपर्यंत टिकेल.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा जवळपास पाचवा हिस्सा. त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून, २८ टक्के हॉटेले, खानावळी आणि उपाहारगृहांतून, तर १२ टक्के दुकानांतून वाया गेले. शेतापासून ताटापर्यंतची सगळी नासाडी धरली, तर हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात तिचा वाटा ८ ते १० टक्के मानला जातो.

घरांतला वाटा सर्वांत मोठा असताना वसतिगृहांकडे का पाहायचे? कारण पाचशे घरांच्या सवयी बदलायच्या तर पाचशे स्वयंपाकघरांत जावे लागते. पाचशे मुलांच्या मेसमध्ये डाळीचे पातेले एकच असते. किराण्याची यादी एक, भाजीवाला एक, आचारी दोन-तीन. तिथे घेतलेला एक निर्णय त्याच दिवशी पाचशे ताटांत उतरतो.

नाशिकमध्ये ‘कॅम्पस’ कोणता?

नाशिकमध्ये राज्यव्यापी दोन विद्यापीठांची मुख्यालये आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे, तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चे. गंमत अशी की, एकाचे विद्यार्थी घरी राहून शिकतात आणि दुसऱ्याचे राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांत विखुरलेले आहेत. म्हणजे विद्यापीठाच्या आवारात हजारो मुले एकत्र जेवतात, हे पुण्या-मुंबईचे चित्र इथे तसे लागू पडत नाही.

नाशिकचा खरा कॅम्पस म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाज, गोखले एज्युकेशन सोसायटी, के. के. वाघ शिक्षण संस्था यांसारख्या संस्थांची महाविद्यालये, त्र्यंबक रस्त्यावर महिरावणीला असलेले खासगी संदीप विद्यापीठ, समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची वसतिगृहे. आणि यांच्या भोवती पसरलेल्या खासगी खोल्या. गंगापूर रोड, कॉलेज रोड, पंचवटी या भागांत खोली घेऊन राहणारी मुले एक तर घरगुती मेसला जातात किंवा डबा लावतात. एखाद्या मावशी ४० जणांचा स्वयंपाक करतात आणि त्यावर त्यांचे घर चालते. शाश्वत अन्नाबद्दलच्या परिषदांत या मावशी कधी दिसत नाहीत. पण शहरातल्या विद्यार्थ्यांच्या पोटाचा मोठा भार त्यांच्यावर आहे. त्यांच्याकडे वायाही कमी जाते, कारण उरलेल्या भाताचा फोडणीचा भात कसा करायचा हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

२०१८ चा मोर्चा कशासाठी होता?

विद्यार्थी आणि अन्न यांच्या नात्यातली नाशिकशी जोडलेली सर्वांत ठळक घटना जेवणाच्या पैशांवरून घडली. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे. एप्रिल २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला. कंत्राटदारांच्या जेवणाबद्दल तक्रारी होत्याच. पैसे मुलांच्या हाती आले की त्यांना हवे तिथे, हवे ते जेवता येईल, असा त्यामागचा विचार.

विद्यार्थ्यांना तो पटला नाही. पैसे वेळेवर येत नाहीत, आले तरी बाहेरच्या खानावळीचा खर्च त्यात भागत नाही, वसतिगृहात स्वयंपाकाची सोय नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. जुलै २०१८ मध्ये शेकडो आदिवासी विद्यार्थी पुण्याहून पायी नाशिककडे निघाले. सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे इथे पोलिसांनी त्यांना अडवले. मागणी एकच होती : आमची मेस आम्हाला परत द्या.

हा मोर्चा पर्यावरणाच्या बातम्यांत कुठे आला नाही. तरीही या विषयाचा गाभा त्यातच आहे. तीनशे मुलांचे जेवणाचे पैसे तीनशे खात्यांत गेले की ते तीनशे ठिकाणी खर्च होतात. वडापाव, नूडल्स, कधी उपास. तेच पैसे एका स्वयंपाकघरात एकत्र आले तर पेठच्या बाजारातून पोतेभर नागली आणता येते, दिंडोरीच्या शेतकऱ्याशी आठवड्याच्या भाजीचा भाव ठरवता येतो. एकत्रित खरेदी गेली की ती ताकद जाते. कंत्राटदार ठेवला की ताकद राहते, पण ती कंत्राटदाराच्या हातात. तिसरा मार्ग, म्हणजे विद्यार्थ्यांच्या समितीने मेस चालवणे, आपल्याकडे नवा नाही. अनेक कृषी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत मेस सेक्रेटरी निवडला जातो, तो आचाऱ्याबरोबर यादी करतो, मुले पाळीपाळीने बाजारात जातात आणि महिनाअखेरीस खर्च भागिले ताटे असा हिशोब भिंतीवर लागतो.

अन्न नेमके कुठे वाया जाते?

‘अन्न वाया घालवू नका’ असे फलक प्रत्येक मेसमध्ये असतात. ते बहुधा ताटात उरलेल्या अन्नाकडे बोट दाखवतात. नासाडीच्या जागा मात्र तीन आहेत आणि तिन्हींची कारणे वेगळी. चिरता-निवडताना निघालेली साले आणि देठ, पातेल्यात उरलेले, आणि ताटात उरलेले. या तिन्हींसाठी तीन बादल्या ठेवून सात दिवस वजन केले, तर कोणत्याही मेसचा आजार कळतो. त्याला लागतो फक्त एक तराजू आणि एक वही. जगभरातल्या विद्यार्थी गटांनी कामाची सुरुवात बहुतेक इथूनच केली आहे.

हिशोबासाठी एक उदाहरण घेऊ. पाचशे मुले, दोन वेळचे जेवण, प्रत्येकाच्या ताटात सरासरी ५० ग्रॅम उरते. एका लहान वाटीपेक्षाही कमी. दिवसाचे झाले ५० किलो, महिन्याचे दीड टन. त्यात पातेल्यातला भात आणि भाजीची साले अजून धरलेली नाहीत.

पातेल्यात उरते त्याचे कारण मुलांच्या सवयीत सापडत नाही, ते मेसच्या नियमांत सापडते. तो नियम म्हणजे खाडा. मेसला न जेवण्याचा दिवस म्हणजे खाडा, आणि त्या दिवसाचे पैसे कापून मिळतात. पण अनेक ठिकाणी खाडा सलग तीन-चार दिवसांचा असेल तरच धरला जातो. एका वेळेचा खाडा कोणी मोजत नाही. मग मुलगा कळवेल कशाला? शनिवारी दुपारी कळवण, मालेगाव, निफाडच्या एसटीने निम्मे वसतिगृह गावी जाते, रविवारी सकाळी उरलेली मुले मिसळ खायला बाहेर पडतात, आणि आचारी नेहमीच्या अंदाजाने शंभर जणांचे पोहे करून बसलेला असतो. नाशिकच्या मुलाला रविवारची मिसळ सोडायला सांगण्यात अर्थ नाही. त्याने ते आदल्या रात्री कळवावे, एवढे जमण्यासारखे आहे.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एका वेळेचाही खाडा हिशोबात धरला पाहिजे, निदान किराण्याच्या खर्चापुरता. आणि कळवणे सोपे हवे : वसतिगृहाच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्री दहापर्यंत उद्याच्या दोन्ही वेळचा कौल. आकडा आचाऱ्याच्या फोनवर गेला की पातेले त्या मापाचे चढते. कंत्राटदाराला यात रस असेलच असे नाही. ठरावीक मासिक रक्कम मिळत असेल तर न जेवलेल्या मुलाचा फायदा त्यालाच होतो. म्हणून खाड्याची अट मुळात कंत्राटात लिहून घ्यावी लागते.

ताटात उरणाऱ्या अन्नाचा उपाय वेगळा. वाढणाऱ्याने एकदाच भरभरून वाढण्यापेक्षा कमी वाढावे आणि पुन्हा मागितले तर विनाअट द्यावे. यातले ‘विनाअट’ महत्त्वाचे. अन्न वाचवण्याच्या नावाखाली पोळ्या मोजून देणे सुरू झाले तर त्याचा फटका भुकेल्या मुलाला बसतो. एप्रिल २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भोजनगृहात एका थाळीत दोघांनी जेवू नये या नियमावरून विद्यार्थ्यांनी आंदोलन केले होते. एका थाळीत दोघे जेवतात ते हौसेने नव्हे. अन्न वाया न जाण्याचा तो खरे तर सर्वांत जुना मार्ग आहे.

नागलीची भाकरी मेसमध्ये का येत नाही?

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. महाविद्यालयांत पोस्टर स्पर्धा झाल्या, नागलीच्या केकची प्रदर्शने लागली. मेसच्या रोजच्या ताटात बदल क्वचितच झाला.

नागलीचे गुण आता सर्वांना ठाऊक आहेत. १०० ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, भात आणि गहू याच्या जवळपासही येत नाहीत. ती उतारावरच्या हलक्या जमिनीत, पावसाच्या पाण्यावर येते. एक किलो गव्हामागे जगात सरासरी सुमारे १,८०० लिटर पाणी लागते असा अंदाज आहे, आणि आपल्याकडे रब्बीतल्या गव्हाला त्यातले बरेचसे पाणी कालवा किंवा विहिरीतून द्यावे लागते.

मग अडते कुठे? पहिली अडचण भावाची. २०२५-२६ साठी नागलीचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता, गव्हाचा २,४२५. जवळपास दुप्पट. शिवाय सुरगाण्याच्या शेतकऱ्याकडे नागली थोडी-थोडी असते. ती गोळा करून, स्वच्छ करून, दळून, बिलासह पोहोचवणारी साखळी नसेल तर मेसचा किराणा दुकानदार गव्हाच्या पिठाचीच पोती पाठवणार.

दुसरी अडचण कोणत्याही धोरणपत्रात सापडत नाही. भाकरी थापावी लागते. पोळ्या लाटायच्या यंत्रावर नागलीची भाकरी होत नाही. पाचशे मुलांना प्रत्येकी दोन म्हणजे हजार भाकरी, गरम पाण्यात पीठ मळून, एकेक थापून, तव्यावर पाणी फिरवून. हे काम मेसमधल्या बायकाच करतात. त्यांचे पगार आणि संख्या तीच ठेवून ‘उद्यापासून भाकरी’ असा ठराव करणे म्हणजे मुलांच्या आरोग्याचा भार त्यांच्या खांद्यांवर टाकणे. व्यवहार्य मार्ग सकाळच्या नाश्त्यातून निघतो. आंबील, इडली-डोशाच्या पिठात नागली, पोळीच्या कणकेत थोडी नागली. भाकरी आठवड्यातून एखाद्या दिवशी, वाढीव मजुरी देऊन.

तिसरी अडचण मनातली. नागली हे गरिबाचे, डोंगरातले अन्न, ही समजूत शहरात आलेल्या मुलाला लगेच कळते. डब्यातली काळसर भाकरी तो पहिल्या वर्षी लपवून खातो. हॉटेलात तीच ‘हेल्दी’ म्हणून दुपटीने विकली जाऊ लागल्यावर चित्र थोडे बदलले आहे. पण ज्याच्या घरची ती आहे त्याच्यापर्यंत हा मान पोहोचायला वेळ लागतो. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. तिथे स्टॉलवर असणाऱ्या बायकांचीच मुले शहरातल्या वसतिगृहांत असतात. त्यांच्या आयांना एक दिवस मेसच्या स्वयंपाकघरात सन्मानाने, मेहनताना देऊन बोलावले तर प्रदर्शनापेक्षा अधिक साधेल, असे वाटते.

कांद्याचा हिशोब मेसला काय शिकवतो?

नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. किलोला दीड रुपयाहूनही कमी. ती रक्कम त्याने निषेध म्हणून पंतप्रधान कार्यालयाला मनीऑर्डरने पाठवली आणि त्याची देशभर चर्चा झाली. सुमारे एका वर्षाने, डिसेंबर २०१९ मध्ये, शहरांत कांदा किलोला शंभरीपार गेला.

या दोन टोकांच्या मध्ये मेसचा सेक्रेटरी काय करू शकतो? फार काही नाही, पण अगदीच काही नाही असेही नाही. उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मे दरम्यान निघतो आणि चांगल्या चाळीत पाच-सहा महिने टिकतो. पाचशे मुलांच्या मेसला दिवसाला २५ किलो कांदा लागतो असे धरले, तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावणेचार टन लागतील. एवढा कांदा एका शेतकऱ्याच्या चाळीत सहज मावतो. एप्रिलमध्ये भाव ठरवून, थोडी उचल देऊन, दर पंधरवड्याला गरजेपुरता आणायचा. शेतकऱ्याला लिलावाच्या दिवशीची धडकी नाही, मेसला नोव्हेंबरची नाही. घट आणि सड कोणाच्या माथी, हे मात्र आधी ठरवलेले बरे, नाही तर पहिल्याच वर्षी भांडण होते. टोमॅटो, कोबी, मेथी टिकत नाहीत, त्यामुळे त्यांना हे लागू नाही. तिथे हंगामाप्रमाणे यादी बदलणे हाच उपाय. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्या याच जिल्ह्यात उभ्या राहिल्या आणि त्यांचा माल परदेशी जातो. शहरातली मेस हा त्यांच्या छोट्या भावंडांसाठी, नव्या शेतकरी गटांसाठी, घरचा ग्राहक होऊ शकतो.

कृषीचे विद्यार्थी यात कुठे आहेत?

नाशिकमधील कृषी महाविद्यालये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी संलग्न आहेत. शेवटच्या वर्षी त्यांचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून गावांत जातात. बीजप्रक्रिया, माती परीक्षण, गांडूळ खत यांची प्रात्यक्षिके करतात. त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर आपण दरवर्षी पाहतो. याच वर्षात अनुभवाधारित शिक्षणाचा एक भाग असतो : विद्यार्थी गटाने भाजीपाला, अळिंबी, कुक्कुटपालन, फळप्रक्रिया असा एखादा उद्योग स्वतः चालवायचा, माल विकायचा आणि नफा-तोट्याचा हिशोब मांडायचा.

म्हणजे आवारात पिकवणारे विद्यार्थी आहेत आणि आवारात जेवणारेही. या दोघांची गाठ पडते का, हे आपापल्या महाविद्यालयात विचारून पाहण्यासारखे आहे. गेटजवळच्या स्टॉलवर प्राध्यापक आणि शेजारच्या सोसायटीतले लोक ताजी भाजी घेतात, आणि वसतिगृहाची भाजी बाजार समितीतून टेम्पोने येते, असे चित्र असेल तर ते बदलायला परवानगीच्या एका पत्रापलीकडे फारसे लागणार नाही. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या मुलांकडे शेत नाही. पण एकाच संस्थेच्या छत्राखाली कृषी, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय अशी तिन्ही महाविद्यालये नाशिकमध्ये आहेत, ही सोय राज्यात सगळीकडे नाही.

ही कल्पना परदेशी आहे का?

‘कॅम्पस गार्डन’ वगैरे शब्द परदेशी आहेत, गोष्ट इथलीच. मराठा विद्या प्रसारक समाजाचे मूळ १९१४ मध्ये नाशिकला सुरू झालेल्या उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृहात आहे. आधी मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय, मग शाळा-महाविद्यालये, असा तो क्रम होता. बहुजन समाजातल्या मुलाचे शिक्षण फीपेक्षा जेवणापाशी अडते, हे त्या पिढीने ओळखले होते. त्याआधी आणि नंतरही कित्येक मुले वार लावून जेवली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. मुले शेतात काम करत, स्वयंपाक करत, एकाच पंगतीत बसत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना तिथून राज्यभर गेली. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत, म्हणजे नाशिकमध्येही, ती कर्मवीरांच्याच नावाने चालते. विद्यार्थ्यांना तासाच्या हिशोबाने मानधन मिळते. ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयात नोंदी करणे, झाडांना पाणी घालणे ही कामे त्यात नेहमीची. तीन बादल्यांचे वजन, खाड्याची नोंद, परसबाग आणि मेसची खरेदी ही कामे त्यात घेतली तर स्वयंसेवकांच्या उत्साहावर अवलंबून राहावे लागणार नाही. उत्साह पहिल्या सत्र परीक्षेपर्यंत टिकतो. मानधन असलेले काम वर्षभर चालते.

अमेरिकेत २००८ मध्ये ‘रिअल फूड चॅलेंज’ ही विद्यार्थ्यांची चळवळ सुरू झाली. तिचा भर नेमका खरेदीवर होता : विद्यापीठाच्या अन्नखरेदीतला किमान २० टक्के भाग स्थानिक, न्याय्य आणि पर्यावरणपूरक स्रोतांकडून यावा. २०११ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी भोजनगृहातले उरलेले अन्न गरजूंपर्यंत नेणारे ‘फूड रिकव्हरी नेटवर्क’ सुरू केले. केंब्रिज विद्यापीठाने २०१६ पासून आपल्या उपाहारगृहांतून गोमांस आणि मेंढीचे मांस हटवले आणि अन्नामुळे होणारे कार्बन उत्सर्जन सुमारे १०.५ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. हा शेवटचा धडा डाळ-भात खाणाऱ्या आपल्या मेसला जसाच्या तसा लागू नाही. पहिला लागू आहे.

नियम काय सांगतात आणि उरलेल्याचे काय करायचे?

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरा निर्माते ठरवले. त्यात विद्यापीठे, शिक्षणसंस्था आणि वसतिगृहेही आली. ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी, ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली. विद्यापीठ अनुदान आयोगाने पर्यावरणपूरक कॅम्पससाठी ‘सतत’ नावाचा आराखडा दिला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ‘ईट राइट कॅम्पस’ ही योजना आहे. शिल्लक अन्नाच्या वाटपाचे नियम २०१९ मध्ये आले. त्यांचा गाभा असा की, वाटायचे ते चांगल्या स्थितीतले, योग्य तापमानात ठेवलेले अन्न. ताटात उष्टे झालेले देता येत नाही. रात्री अकरा वाजता आंबलेली डाळ झोपडपट्टीत नेऊन देणे ही समाजसेवा नव्हे.

ताटातले आणि सालीचे जे उरते त्यासाठी महाराष्ट्रात तंत्राची कमतरता नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प आणि पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकट्या, पिष्टमय अन्नावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र, ही दोन्ही उदाहरणे जुनी आणि तपासलेली आहेत. कर्वे यांच्या संयंत्राला २००६ मध्ये अॅशडेन पुरस्कारही मिळाला. १०० किलो ओल्या कचऱ्यापासून अनुकूल स्थितीत अंदाजे ८ ते १० घनमीटर बायोगॅस मिळतो, म्हणजे साधारण चार ते साडेचार किलो एलपीजीइतकी उष्णता. तीन-चार दिवसांच्या खरकट्यात घरगुती सिलिंडरएवढा गॅस. नाशिक महापालिकेनेही जर्मन सहकार्याने हॉटेलांतला ओला कचरा आणि शौचालयांतला मैला एकत्र कुजवून वीज तयार करण्याचा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू केला.

पण संयंत्राला रोज त्याच वेळी, त्याच मापात, प्लास्टिक आणि लिंबाच्या साली काढून खाऊ घालावे लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले की ते उपाशी राहते आणि जूनमध्ये परत सुरू करायला शेण शोधावे लागते. हे सांगायचे कारण असे की, पाहणीच्या वेळी दाखवायला संयंत्र आणि खताचा खड्डा फार बरे दिसतात, त्यामुळे अनेक संस्थांचे काम तिथूनच सुरू होते. खरेदी, खाडा आणि वाढण्याची पद्धत यांना उद्घाटन नसते, फीत कापता येत नाही. मात्र जे अन्न शिजलेच नाही त्याचे पाणी, गॅस, मजुरी आणि पैसे, सगळेच वाचते. शिजून खड्ड्यात गेलेल्या भाताचे फक्त खत होते.

सुरुवात कधी करायची?

मेसचे कंत्राट बहुतेक ठिकाणी नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर, म्हणजे मे ते जुलैदरम्यान ठरते. त्या वेळी जुनी मुले परीक्षा देऊन गावी गेलेली असतात आणि नवी आलेली नसतात. कंत्राटाचा मसुदा विद्यार्थ्यांपैकी कोणी पाहतच नाही. तो फेब्रुवारीत मागवता येतो. त्यात एका वेळेच्या खाड्याची अट, आठवड्यातल्या एका न्याहारीत नागली, कांद्याची हंगामात खरेदी आणि महिन्याचा हिशोब भिंतीवर लावणे, अशा चार ओळी घालायच्या. सरकारी वसतिगृहात हा मसुदा गृहपालांकडे किंवा प्रकल्प कार्यालयात असतो, महाविद्यालयाच्या वसतिगृहात रेक्टरकडे. अर्जाला जोडायला सात दिवसांच्या वजनाची वही हाताशी असली, तर बोलणे सोपे जाते.